नको म्हटलेली कॉफी

कॅनडाहून परत आल्यापासून नागपुरात मला भेटेल तो एकच प्रश्न विचारतो, "नायगारा पाहिला का?" नाही पाहिला! दोन महिने त्या देशात होते आणि धबधब्याच्या दिशेला एकदाही तोंड केलं नाही. समोरच्या काकू तर माझ्याकडे असं बघतात, जणू मी आग्र्याला जाऊन नुसता पेठा खाऊन परत आले. मग मी त्यांना म्हणते, बसा, नायगारा राहू द्या, मी अल्बेनियन पाहिले, ते सांगते. त्यावर काकू हमखास विचारतात, "ते काय असतं? प्राणी का?"

प्राणी नाहीत हो, माणसं आहेत आणि काय माणसं आहेत! युरोपच्या खालच्या अंगाला, ग्रीसच्या डोक्यावर अल्बेनिया नावाचा चिमुकला देश आहे आणि त्याच्या शेजारी कोसोवो. दोन्हीकडची भाषा एक, घराघरात टांगलेला दोन डोक्यांचा काळा गरुडही एकच. पोटासाठी नाहीतर जिवासाठी घर सोडून जगभर पांगण्याची सवयही दोघांना सारखीच. इटली, स्वित्झर्लंड, जर्मनी, अमेरिका, जिथे जावं तिथे त्यांचं कुणी ना कुणी बांधकामावर नाहीतर बेकरीत भेटणारच. मला भेटले ते कोसोवोचे, आणि भेटले ते एका वासामुळे.

ब्रॉसार्ड

माझी भाची सुजाता माँट्रियलजवळ ब्रॉसार्डला राहते. नदीवरचा लांबच लांब पूल ओलांडला की हे गाव लागतं. तिच्या गल्लीत चिनी आहेत, लेबनीज आहेत, हैतीचे आहेत, पंजाबी आहेत, आणि मधोमध आमची नागपूरची पोरगी. सगळ्या पाट्या फ्रेंचमध्ये. तिचा मुलगा मला दारातच "बोंजूर आजी" म्हणाला, तेव्हा मी हरखूनच गेले. पण पुढे "भूक लागली का रे राजा?" विचारलं, तर म्हणाला, "आय जस्ट एट, आजी." मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीतून. मीही हट्टानं मराठीतूनच बोलत राहिले आणि आमचं झकास जमलं.

पहिला शनिवार. सप्टेंबरची सोनेरी, कोवळी थंडी. मी मागच्या अंगणात शाल घेऊन उभी होते आणि वास आला. भरताचा! आमच्याकडे तुऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजतात ना, थेट तसाच खरपूस, डोळ्यांत जाणारा वास. मी चपला सरकवल्या आणि निघाले.

"मावशी, कुठे चाललीस?" सुजाता खिडकीतून ओरडली. "इथे फोन केल्याशिवाय कुणाकडे जात नाहीत गं!"

"मग तो वास काय फोन करून आला का?" मी म्हटलं.

वास शेजारच्या गॅरेजमधून येत होता. गॅरेजचं शटर वर केलेलं. गाडी बाहेर रस्त्यावर आणि आत पोतीच्या पोती लाल मिरच्या! आपल्या मिरच्यांसारख्या नव्हेत, हातभर लांब, जाडजूड, गोड. पत्र्याच्या शेगडीवर त्या काळ्या पडेपर्यंत भाजायच्या, झाकून ठेवायच्या, मग सालं काढायची, वाटायच्या आणि तेलात तासन्‌तास आटवायच्या. या प्रकाराला ते आय्वार म्हणतात. शेगडीपाशी पांढरा रुमाल बांधलेली एक म्हातारी बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी मिरच्यांकडे पाहिलं, आणि तिनं बाजूचं स्टूल माझ्याकडे सरकवलं. बस, ओळख झाली.

घरातले सगळे तिला "नाना" म्हणत होते. त्यांच्या बोलीत नाना म्हणजे आई. आमच्या गल्लीतल्या मिशाळ नानांची आठवण होऊन मला जे हसू फुटलं, ते थांबेचना. आणि मी हसते म्हणून नानाही हसत सुटली. नानाची नात तेउता इथेच वाढलेली, फार्मसी शिकलेली, चुणचुणीत पोरगी. ती नानाचं अल्बेनियन इंग्रजीत करून मला सांगायची आणि मी माझ्या टेलिफोन खात्यातल्या इंग्रजीत उत्तर द्यायची. नानानं पहिला प्रश्न विचारला तो असा, "थकलीस का?"

मी चकितच झाले. तोंड एवढं उतरलंय की काय माझं? तेउता म्हणाली, "नाही आंटी, आमच्याकडे असंच विचारतात. आधी थकलीस का, मग बरी आहेस का, मग घरचे बरे आहेत का, मुलं बरी आहेत का, आणि समोरच्यानंही तेच सगळं त्याच वेळी विचारायचं. उत्तर ऐकलंच पाहिजे असं नाही." मला तर गावाकडच्या बैलबाजारात आल्यासारखं वाटलं. मीही मग नानाला थकलीस का, गुडघे कसे आहेत, झोप लागते का असं मराठीतून धडाधड विचारून टाकलं. ती खूश!

दिवसभर मी मिरच्या सोलल्या. बोटं लाल, नखं काळी. मध्येच छोट्या काचेच्या ग्लासातून लालभडक चहा यायचा, सोबत पालकाचं सारण भरलेलं, वेटोळं घातलेलं पुडाचं बुरेक. गरम बुरेकचा पहिला तुकडा तोंडात टाकला आणि मी सुजाताला तिथूनच हाक मारून बोलावलं. फोन न करता कुणाकडे न जाणारी ती बाई धावत आली! संध्याकाळी मला घरात नेऊन त्यांनी आय्वार चाखायला दिला. चव अप्रतिम, पण तिखट म्हणून काही नाही. मी सुचवलं की यात थोडा ठेचा घालू या. तेउतानं भाषांतर केल्यावर नानानं माझ्याकडे असं बघितलं, की मी तो विषयच सोडला.

निघताना दारात पाहते तो माझ्या चपला उलट्या फिरवून ठेवलेल्या, तोंड बाहेरच्या बाजूला, म्हणजे पाय घातला की थेट चालायला लागायचं. घरच्या सुनेनं, तेउताच्या आईनं केलं होतं ते. पाहुण्याला वाकायला नको, फिरायला नको. मला इतकं भरून आलं, की मी परत आत जाऊन बसले आणि आणखी एक ग्लास चहा झाला.

त्या आणखी एका ग्लासावर मला कळलं, की या घरात लग्न आहे. तेउताचं. तीन आठवड्यांवर आलेलं. पण घरात लग्नघराची गडबड होती, तसा आनंद नव्हता. कारण विचारल्याशिवाय मी उठणार नव्हते, हे तेउतानं ओळखलं असावं. तिनं सगळं सांगितलं.

नव्याण्णव साली कोसोवोत युद्ध झालं, तेव्हा हे कुटुंब चालत सरहद्द ओलांडून छावणीत गेलं. नानाचे दोन मुलगे, थोरला बेसिम आणि धाकटा अगिम, म्हणजे तेउताचे वडील. कॅनडानं निर्वासितांना विमानानं आणलं, पण छावणीच्या गर्दीत भाऊ वेगवेगळ्या विमानांत बसले. नाना, तिचा नवरा आणि अगिम माँट्रियलला आले. बेसिम आणि त्याची बायको सस्काटूनला पोचले. काही वाटलं नाही कुणाला. देश तर एकच आहे, रविवारी गाडी काढू आणि भेटू! कॅनडा केवढा आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आपण नागपूरहून दिल्लीला जाऊन परत येऊ, तरी माँट्रियल-सस्काटून पुरं व्हायचं नाही.

आठ वर्षांपूर्वी म्हातारे वडील गेले. त्यांनी कधीकाळी बेसिमकडून वचन घेतलं होतं, की मला गावी नेऊन, माझ्या बापाशेजारी पुरायचं. अल्बेनियन माणसाचा शब्द म्हणजे शब्द. त्याला त्यांच्यात 'बेसा' म्हणतात आणि त्यासाठी माणसं जीव देतात. पण गेले ते ऐन हिवाळ्यात. सस्काटूनला हिमवादळ, विमानं बंद. त्यांच्या धर्मात माती लगेच द्यावी लागते. अगिमनं एक दिवस वाट पाहिली आणि वडलांना इथेच, माँट्रियलजवळ पुरलं. तो म्हणतो, दवाखान्यात वडलांनीच सांगितलं, की नातवंडं रविवारी येऊ शकतील अशा जागी मला ठेवा. बेसिम पोचला तेव्हा मातीवर बर्फ साठला होता. तो म्हणाला, आजारी माणूस काहीही बोलतो, तू माझा शब्द मोडलास, तुझ्या उंबऱ्यावर मी पाय ठेवणार नाही. आणि खरंच ठेवला नाही. नानाला दर शुक्रवारी फोन करतो, पण तिनं अगिमचं नाव काढलं की ठेवून देतो.

"आमच्यात नवरीला वडलांच्या घरातून हात धरून बाहेर काढतो तो काका," तेउता म्हणाली. "मला एकच काका आहे."

आमच्यात मामा मुलीला मांडवात आणतो. मामा रुसला तर काय होतं, हे मी माझ्या मावसबहिणीच्या लग्नात पाहिलंय. अक्षता हातात धरून सगळं गाव ताटकळलं होतं!

"मी मंगळवारी सस्काटूनला चाललेय," मी म्हटलं. "माझा दादा राहतो तिथे."

तेउतानं भाषांतर केलं मात्र, नानाचा हात थांबला. ती उठली, आत गेली आणि आय्वारची मोठी बरणी घेऊन आली. स्वतः विणलेल्या लोकरीच्या मोज्यांच्या जोडीत ती तिनं गुंडाळली आणि माझ्या मांडीवर ठेवली. म्हणाली, "बेसिमच्या हातात दे. आणि त्याचा चेहरा बघून ये. फोनवर तो चेहरा लपवतो."

दारात तेउतानं काकाच्या पत्त्याचा कागद माझ्या हातात दिला आणि हळूच म्हणाली, "आंटी, जमलं तर त्याला लग्नाचं विचाराल?"

"तू नसतं सांगितलंस तरी मी विचारणारच होते," मी म्हटलं.

विमानतळ

प्रवासाचं रडगाणं मी सांगणार नाही, फक्त माझ्या मूर्खपणाचं सांगते. बरणी फुटेल म्हणून मी ती मोठ्या बॅगेत ठेवली नाही, छातीशी धरून हातातल्या पिशवीत ठेवली. तपासणीच्या पट्ट्यावर पिशवी थांबली. तिथली मुलगी पंजाबी निघाली, माझ्याशी हिंदीतच बोलली. "आंटीजी, ये पेस्ट है. इतना पेस्ट अलाउड नहीं."

"बेटा, ये पेस्ट नहीं, भरता है!"

"भरता भी पेस्ट है, आंटीजी."

मी विनवण्या केल्या, आईची माया वगैरे सांगितलं, शेवटी म्हटलं की इथेच चमच्यानं सगळ्यांना वाटून टाकते. मागे रांग वाढली. पोरीचा चेहराही रडवेला झाला, पण नियम तो नियम. माझ्या डोळ्यांदेखत नानाची बरणी टोपलीत गेली. मोजे तेवढे माझ्या हातात राहिले.

सस्काटून

सस्काटूनला उतरले आणि आभाळ बघून "अगंबाई!" असंच तोंडातून निघालं. एवढं आभाळ मी जन्मात पाहिलं नव्हतं. जमीन ताटासारखी सपाट, चारी बाजूंना पिवळं गव्हाचं रान, त्यात कापणीची अजस्र यंत्रं धूळ उडवत चाललेली, आणि वर रानबदकांच्या माळा ओरडत दक्षिणेकडे निघालेल्या. गावातून निळी नदी जाते, तिच्यावर एकामागून एक पूल, काठाला पिवळीधमक झाडं. हिवाळ्यात इथे उणे चाळीस होतं म्हणे. मला तर तेव्हा ते कुणी खोटं सांगतंय असं वाटलं.

दादा पोटॅशच्या खाणीत इंजिनिअर होता. आता निवृत्त आहे. वहिनी गेल्यापासून कॉन्डोत एकटाच राहतो. एवढी वर्षं तिकडे काढली, पण बोली सोडली नाही. फोन उचलला की "जयभीम" आणि मला बघितलं की "बेबे, किती वाळली तू!" मी चांगली टम्म आहे, पण भावाला बहीण वाळलेलीच दिसते.

मी नानाची गोष्ट सांगितली आणि पत्त्याचा कागद दिला. दादानं चष्मा लावून वाचला आणि ओरडलाच, "अवो, हा तर माह्या टायरवाला हाय! दर विंटरला याच्याकडूनच टायर बदलून घेतो मी. बेसिम! वीस वर्षांपासून ओळखतो त्याले."

"मग त्याची आई, भाऊ, काही माहीत आहे का तुला?"

"टायरवाल्याले आईचं कोन विचारते?" दादा म्हणाला, आणि मग जरा ओशाळला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गेलो. छोटं बैठं घर, दारात काळ्या गरुडाचा झेंडा, गॅरेजमध्ये टायरांची उतरंड. बेसिम म्हणजे दाराएवढा माणूस, पिकलेल्या मिशा, हाताला वंगणाचा रंग कायमचा चढलेला. दादाला बघून म्हणाला, "मिस्टर इंजिनिअर, बर्फ पडायला वेळ आहे अजून! आत्ताच टायर?" मी कोण, कुठून आले हे कळल्यावर मात्र त्यानं दोन्ही हात छातीवर ठेवले आणि आम्हाला आत नेलं. थकलात का, बरे आहात का, घरचे बरे आहेत का, सगळं यथासांग झालं. त्याची बायको द्रिता हसतमुख, गोल चेहऱ्याची. तिनं माझा कोट काढून घेतला, चपला फिरवून ठेवल्या. मी हातातले मोजे पुढे केले आणि बरणीचं काय झालं ते सांगितलं. सांगताना मला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. बेसिमनं मोजे नाकाशी नेले. लोकरीला मिरच्यांचा वास अजून होता.

द्रिता कॉफी घेऊन आली. वाटीएवढे कप, वर दाट फेस, बाजूला पाण्याचा ग्लास आणि गुलाबी वडी. दादानं आपला कप दोन घोटांत संपवला. माझ्यापुढे आला तेव्हा मी म्हटलं, "नको नको, कशाला! खरंच नको."

आता हे मला वाचकांना समजावून सांगायला नको. आपल्यात पहिल्यांदा नकोच म्हणायचं असतं. मग यजमान म्हणतो, असं कसं, मग आपण म्हणायचं, बरं अर्धा कप, आणि मग पूर्ण प्यायची. शिवाय त्या माणसाच्या आईची बरणी मी घालवली होती, लगेच कप उचलायला हात होईना. मी वाट बघत बसले, की आता हा आग्रह करेल.

त्यानं आग्रह केला नाही! कप माझ्यापुढे ठेवला, टीव्ही बंद केला, समोरच्या खुर्चीत ताठ बसला आणि दोन्ही पंजे गुडघ्यांवर ठेवले. द्रिताचं हसू मावळलं. दादाही बावचळला.

"सांगा," बेसिम म्हणाला. "काय मागायला आलात?"

मला वाटलं, यानं माझं मन ओळखलं. आडपडदा मला कधी जमला नाही. मी म्हटलं, "तेउताचं लग्न आहे. तिला घरातून हात धरून न्यायला तुम्ही यावं. आई वाट बघतेय."

तो उठला. खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. द्रिता माझ्या कानाशी लागून म्हणाली, "तुम्हाला हे कुणी शिकवलं? नानानं?"

"काय शिकवलं?"

"कॉफी न पिणं." मग तिनं सांगितलं. त्यांच्या मुलखात एखाद्या घरची मुलगी मागायला, किंवा खुनाचं वैर मिटवायला, क्षमा मागायला कुणी येतो, तेव्हा तो समोरची कॉफी पीत नाही. कप तसाच ठेवतो. म्हणजे यजमानाला कळतं, की पाहुणा काही मोठं मागायला आला आहे. आणि यजमानानं "पी" म्हटलं, म्हणजे दिलं. पाहुणा कॉफी न पिता उठून गेला, तर ती त्या घरावरची सगळ्यात मोठी नामुष्की.

अरे देवा! चुकून मी केवढं मोठं हत्यार उचललं होतं! मी घाईघाईनं कपाकडे हात नेला, पिऊन टाकावी आणि विषय संपवावा. तर द्रितानं कपावर आपला तळवा ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "नका पिऊ," ती म्हणाली. "आठ वर्षांत या घरात येऊन कप ठेवणारं कुणीच आलं नाही."

मी दादाकडे पाहिलं. दादा मराठीत पुटपुटला, "काहून भांडन लावून रायली तू? चाल, निघू."

पण माझी जीभ गप्प बसणारी नाही. मी बेसिमला म्हटलं, "हे बघा, मला तुमची रीत माहीत नव्हती. कुणी शिकवलं नाही. आमच्याकडे आधी नको म्हणतात, म्हणून मी आपलं नको म्हटलं. पण आता मला कळलंय, तर आता मी पिणार नाही."

तो वळला. चेहरा लालबुंद. "तुम्ही आमच्यातल्या नाही," तो म्हणाला. "तुम्हाला काय कळणार? मी वडलांना शब्द दिला होता. त्यांना परक्या मातीत टाकलं. माझ्याविना."

तेव्हा दादा बोलला. दादा कधी कुणाच्या भानगडीत पडत नाही, पण त्यानं घसा साफ केला आणि आपल्या वऱ्हाडी वळणाच्या इंग्रजीत बोलायला लागला.

"बेसिम, माझे बाबा गेले तेव्हा मी इथेच होतो. जानेवारी होता, एअरपोर्ट बंद. मी नागपूरला पोचलो तोवर सगळं झालं होतं. ही माझी बहीण. हिनंच खांदा दिला, हिनंच भन्तेजींना बोलावलं. मलाही राग आला होता. थोरला मी, आणि माझ्याविना कसं केलंत? पण मग रात्री ही बसली आणि बाबा शेवटचे चार दिवस काय बोलले, काय खाल्लं, कुणाची आठवण काढली, सगळं सांगितलं. मी हिच्याशी अबोला धरला असता, तर ते चार दिवस मला कधीच मिळाले नसते." तो थांबला. मग म्हणाला, "तुझ्या वडलांचे शेवटचे दिवस तुझ्या भावाकडे आहेत, बेसिम. जा आणि घेऊन ये."

मला हे ठाऊक नव्हतं. दादाला तेव्हा राग आला होता, हेही नव्हतं ठाऊक. इतक्या वर्षांत त्यानं एकदाही बोलून दाखवलं नाही. मला रडू आवरेना, आणि मी काही आवरलंही नाही.

बेसिम मागचं दार उघडून गॅरेजमध्ये गेला. आम्ही तिघं बसून राहिलो. आतून कसलासा आवाज येत होता, टायर एकावर एक रचल्यासारखा. कपावरचा फेस विरला, वाफ केव्हाच गेली होती. दादाला असल्या शांततेत बसवत नाही. तो म्हणाला, "बेबे, थंडी झाली ते. फेकून द्याची का? दे, मी घेतो." आणि त्यानं हात पुढे केला. मी आणि द्रिता, दोघी एकदमच ओरडलो, "नाही!" तो दचकून मागे टेकला, आणि त्याही अवस्थेत आम्हाला दोघींना हसू फुटलं.

मग दार उघडलं. बेसिम आत आला, हात पुसत, डोळे लाल. माझ्यासमोर उभा राहिला. कपाकडे बोट करून म्हणाला, "पिये काफेन."

अल्बेनियन भाषेतलं एक अक्षर मला येत नाही. पण हे समजायला मला दुभाषी लागला नाही. मी कप उचलला. कॉफी बर्फगार, कडू जहर, तळाशी चिखलासारखा गाळ. सगळी प्यायले. गाळसुद्धा प्यायले. आजवर प्यायलेल्या कुठल्याही चहाकॉफीला ती चव नाही, हे मी शपथेवर सांगते. द्रिता माझ्या गळ्यात पडली. दादा नाक शिंकरत होता आणि अॅलर्जी आहे म्हणत होता.

बेसिमनं तिथेच फोन लावला. शुक्रवार नव्हता, त्यामुळे पलीकडून नानाचा घाबरा आवाज आला. तो दोनच वाक्यं बोलला. द्रिता माझ्या कानात सांगत गेली, "तो म्हणाला, नाना, मी येतोय. अगिमला सांग."

मग नानानं विचारलं, "पाहुणीनं कॉफी ठेवली होती?"

"ठेवली होती."

"किती गार झाल्यावर पी म्हणालास?"

हा दाराएवढा माणूस मान खाली घालून उभा होता. म्हणाला, "पार गार, नाना."

"तुझा बाप असता," नाना म्हणाली, "तर वाफ असतानाच म्हणाला असता."

बेसिम हसला. हसता हसता त्याच्या मिशांवरून पाणी ओघळायला लागलं, ते त्यानं पुसलंही नाही. फोन द्रिताकडे देऊन त्यानं माझा रिकामा कप उचलला आणि दुसरी, गरम कॉफी करायला स्वतः आत गेला.